बिऱ्हाडाचा हिशेब

राजे परमुलखात गेले म्हणजे त्यांची नोंद बखरीत होते. सैन्य गेले म्हणजे त्याच्या मजला, मुक्काम आणि खर्च यांचे कागद दप्तरात राहतात. परंतु चार माणसांचे एखादे साधे घर आपला गाव सोडून दुसऱ्या राज्यात राहावयास गेले, तर त्याची नोंद कोणी ठेवीत नाही. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील मराठी वस्त्यांचा इतिहास आपण बहुधा सरदार, दिवाण आणि राजकवी यांच्या नावांनी सांगतो. वस्तुतः या वस्त्या उभ्या राहिल्या त्या कारकून, शिक्षक, भिक्षुक, शिलेदार, गवई आणि आचारी यांच्या बिऱ्हाडांनी. अशा एका बिऱ्हाडास राज्य बदलण्याचा खर्च कसा पेलत असे, आणि जो पैसा गाठीस नव्हता त्याची भरपाई कोण करी, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात विचारासाठी घेतला आहे.

‘बिऱ्हाड’ या शब्दातच या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. कानडीत ‘बिडार’ म्हणजे तळ, मुक्काम. मराठीतील बिऱ्हाड हा त्याचाच सोयरा. आपल्या बोलण्यात घर आणि बिऱ्हाड या दोन वस्तू वेगळ्या आहेत. घर कोकणात, बिऱ्हाड बडोद्यास. घर वाईकडे, बिऱ्हाड इंदुरास, असे बोलण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. घरात देव, जमिनीचा हिस्सा आणि वडील माणसे. बिऱ्हाडात चार भांडी, दोन वळकट्या आणि पगार. घर मोडून नवे घर बांधावे लागले असते, तर सामान्य माणसाला परराज्य कधीच परवडले नसते. घर तसेच ठेवून बिऱ्हाड तेवढे हलवावयाचे, ही युक्ती होती म्हणूनच तो निघू शकला.

आगगाडीच्या पूर्वी राज्य बदलण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे एखाद्या पथकाच्या किंवा दरबाराच्या मागोमाग जाणे. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली तळ दिला. तो तळ उठलाच नाही. तेथेच गाव वसले, आणि त्या गावाचे नावही ‘लष्कर’ असेच पडले. दौलतगंज, जनकगंज, शिंद्यांची छावणी ही त्याच्या पेठांची नावे आजही त्या उगमाची साक्ष देतात. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदुरास स्थिरावली, तेव्हा दरबाराबरोबर कारखाने आले आणि कारखान्यांबरोबर माणसे आली. या माणसांना वाटेची चिंता फारशी नव्हती. गाड्या सरकारी, सोबत मोठी, संरक्षण आयते, आणि मुक्कामाला पोहोचल्यावर तंबूच्या जागी झोपडी व झोपडीच्या जागी माळवद चढेपर्यंत रोजचा शिधा सुरू. स्थलांतराचा खर्च राज्याने केला. माणसाने दिली ती चाकरी.

ज्याच्या डोक्यावर असे छत्र नव्हते, त्याची गोष्ट निराळी. तिचा उत्तम पुरावा वरसईच्या विष्णुभट गोडशांनी ‘माझा प्रवास’ या ग्रंथात ठेवला आहे. कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड, जिल्ह्यातील हे भिक्षुक कुटुंब कर्जात होते. उत्तरेकडे बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार व दक्षिणा भरपूर मिळणार, अशी वार्ता आली. तेव्हा घरच्यांची परवानगी घेऊन विष्णुभट आपले काका रामभट यांच्यासह १८५७ साली निघाले. संपूर्ण घर हलविण्याचा विचार कोणी केला नाही. करणे शक्यही नव्हते. दोघे पुरुष जातील, मिळवतील, कर्ज फेडतील आणि परत येतील, असा तो बेत होता. महूच्या आसपास पोहोचतात तो बंडाची वार्ता त्यांना भेटली. पुढे झाशीची लूट आणि कत्तल त्यांनी डोळ्यांनी पाहिली, मिळविलेले धन वाटेत गेले, आणि काही वर्षांनी विष्णुभट घरी आले ते मुख्यतः गंगेच्या पाण्याची कावड घेऊन. १८८३ च्या सुमारास लिहिलेली ही हकीकत चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केली. बंडाच्या इतिहासासाठी ती वाचली जाते, हे योग्यच आहे. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने तिच्यातील मुद्दा साधा आहे: आगगाडीपूर्वी सामान्य माणूस परमुलखात जाई तो एकटा किंवा दुकटा जाई; बायकामुलांस बरोबर नेणे हा श्रीमंतांचा किंवा लष्कराचा प्रकार होता.

हे गणित पालटले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि त्याला आगगाडी व टपाल अशी दोन कारणे झाली. मुंबईपासून बडोद्यावरून अहमदाबादपर्यंत लोहमार्ग १८६४ साली जोडला गेला. वाडीपासून हैदराबादेस गाडी १८७४ साली पोहोचली. तुकोजीराव होळकरांनी १८७० साली इंग्रज सरकारास एक कोट रुपये साडेचार टक्के व्याजाने १०१ वर्षांच्या मुदतीवर दिले, आणि त्याच दशकात खांडव्याहून इंदुरापर्यंत लोहमार्ग गेला. मुंबई ते बडोदे हे अंतर सुमारे २४४ मैल. रोज बारा मैलांची मजल धरली तर पायी वीस दिवस, आणि वीस दिवसांचा शिधा, धर्मशाळा, नदीचे उतार, आजारपण, चोराचिलटांचे भय, हे सारे त्यात धरावयाचे. तिसऱ्या वर्गाचे भाडे त्या काळी मैलाला सुमारे अडीच ते तीन पै पडे. म्हणजे माणशी तीन ते चार रुपयांत हाच प्रवास एका रात्रीचा झाला. नवराबायको व दोन अर्ध्या तिकिटांची मुले धरली तरी दहा-बारा रुपयांत कुटुंब बडोद्यास उतरू लागले. वीस रुपयांच्या कारकुनाला ही रक्कम लहान नव्हती. पण ती साठविता येण्याजोगी होती, आणि साठविता येण्याजोगा खर्च हाच बेत करण्याजोगा खर्च असतो.

टपालाने केलेले काम याहून शांत होते, पण कमी नव्हते. १८७९ साली पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले आणि १८८० च्या आरंभी टपालखात्यामार्फत मनीऑर्डर सुरू झाली. यापूर्वी दूर गेलेल्या माणसाचा पैसा हुंडीने किंवा येत्या-जात्या माणसाच्या हाती घरी येई. पाच-सात रुपयांची हुंडी काढणे कोणाही सराफाला परवडण्यासारखे नव्हते, आणि हातोहात पाठविलेला पैसा वाटेत किती झिजे याचा नेम नव्हता. आता महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पाच रुपये खेड्यातल्या दारापर्यंत जाऊ लागले. त्यामुळे माणूस एकदम नव्हे, तर टप्प्याटप्प्याने स्थलांतर करू शकला. स्वतः पुढे जावयाचे, काही महिने किंवा काही वर्षे पैसा मागे पाठवावयाचा, पोस्टकार्डाने विचारविनिमय चालू ठेवावयाचा, आणि जम बसला म्हणजे कुटुंब आणावयाचे, ही शिस्त या दोन सोयींनी शक्य झाली.

या शिस्तीचा पहिला टप्पा म्हणजे उतरण्याची जागा. परगावी निघणाऱ्याच्या खिशात पैशाइतकीच मोलाची एक वस्तू असे, आणि ती म्हणजे चिठ्ठी. कोणी मावसोबा, गावचा कोणी जोशी, वडिलांचा कोणी जुना स्नेही, बडोद्यात रावपुऱ्यास किंवा दांडिया बाजारात, हैदराबादेस सुलतान बाजारात बिऱ्हाड करून असे. त्याच्या नावाची ती चिठ्ठी. त्याच्या ओसरीवर पथारी पडे. ओसरीला भाडे नव्हते. जेवणाची सोय झाली तर त्याच घरी. नाही तर विद्यार्थी असल्यास आठवड्याचे सात वार सात घरी लावून घ्यावयाचे, किंवा माधुकरी मागावयाची. मिळवता असल्यास खाणावळीत मासिक दराने जेवावयाचे. त्या बदल्यात यजमानाच्या मुलांना शिकवावे, बाजार करून द्यावा, सणासुदीला पंगतीत वाढावे, देवाची पूजा सांगावी. याचा हिशेब वहीत लिहिला जात नसे, पण दोन्ही पक्षांच्या मनात तो पक्का असे. पुढे आपले बिऱ्हाड झाले म्हणजे आपल्या ओसरीवर गावाकडचा पोरगा येणार, आणि त्याला नाही म्हणता येणार नाही, हे त्या हिशेबाचे व्याज होते.

दुसरा टप्पा पगाराचा. नवख्या माणसाची फसगत येथे हटकून होई, कारण राज्य बदलले म्हणजे रुपयाही बदले. बडोद्याचा बाबाशाही रुपया इंग्रजी कलदार रुपयापेक्षा हलका होता; विसाव्या शतकाच्या आरंभी तो मोडीत निघाला. निजामाच्या राज्यातील हाली सिक्का तर हिंदुस्थान स्वतंत्र झाल्यानंतरही काही वर्षे चालू होता. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा ढोबळ हिशेब. समजा, हैदराबादेस पस्तीस रुपयांची नोकरी लागली. गावाकडील मंडळी पस्तीस ऐकून हरखून जात. परंतु इंग्रजी मुलखातील सावकाराचे देणे फेडावयाचे तर त्याचे तीसच होत. शहाणी माणसे म्हणून विचारीत, ‘पस्तीस कोणते?’ खोलीभाडे, खाणावळ, घरी पाठविण्याची रक्कम आणि कुटुंब आणण्यासाठी बाजूला टाकावयाची रक्कम, अशा चार वाटण्या त्यातून करावयाच्या असत. यांपैकी चौथी वाटणी सर्वांत आधी मोडली जाई. घरी कोणी आजारी पडले, बहिणीचे लग्न ठरले, बैल मेला, की बायकामुलांचे येणे आणखी एक वर्ष पुढे जाई.

तिसरा टप्पा प्रत्यक्ष बिऱ्हाड थाटण्याचा. मुहूर्त पंचांगापेक्षा शेतीवर आणि शाळेवर अवलंबून असे. पाऊस संपलेला, भात झोडून झालेले, घरात वर्षाचे धान्य आलेले. किंवा उन्हाळ्यात मुलांच्या परीक्षा उरकलेल्या. सामान निवडण्यात घरातील स्त्रियांचे खरे शहाणपण दिसे. जाते आणि पाटा-वरवंटा मागे राही, कारण दगड सर्वत्र मिळतो व त्याचे वजन प्रवासात छळते. तांब्यापितळेची भांडी मात्र बरोबर घ्यावयाची. ती केवळ भांडी नव्हती, अडचणीच्या दिवशी गहाण टाकावयाची ती पुंजी होती. देवघरातील मुख्य देव मूळ घरीच राहत. बरोबर येई तो एखादा बाळकृष्ण, अन्नपूर्णा, कुलस्वामिनीचा टाक. भाड्याची जागा खणांवर मोजली जाई. दोन खणांत संसार बसविणारी बाई हुशार समजली जाई. दशम्या, लोणचे, मेतकूट, आमसुले आणि भाजणी यांचे डबे पहिले पंधरा दिवस काढून देत.

त्या पंधरा दिवसांनंतर खरी परीक्षा सुरू होई. कोकणातील माणसाने माळव्यात जाऊन दोन्ही वेळा भात आणि नारळ यांचा हट्ट धरला, तर त्याचा पगार स्वयंपाकघरातच संपे. माळव्याचा गहू चांगला आणि मुबलक; तेव्हा भाताची जागा पोळीने घेतली, ओल्या खोबऱ्याची शेंगदाण्याच्या कुटाने, आणि नारळ सणापुरता उरला. इंदूर-ग्वाल्हेरकडील मराठी घरांच्या जेवणाला जी निराळी चव आली, ती हौसेतून आलेली नाही. ती काटकसरीतून आली आणि मागाहून हौस झाली. भाषेचेही तसेच. बाजारात हिंदी, कचेरीत बडोद्यास गुजराती व हैदराबादेस उर्दू, आणि घरात मराठी, असे तीन कप्पे करावयाचे. पोरांनी ते महिन्याभरात केले, पुरुषांनी वर्षात. दाराआड राहणाऱ्या बायकांना मात्र शेजारणीशी धड बोलण्यास कित्येक वर्षे लागली.

येथवर काटकसरीचे कौतुक झाले. पण हिशेबाची दुसरी बाजू मांडल्यावाचून हा लेख प्रामाणिक ठरणार नाही. जे स्थलांतर स्वस्त पडले, ते कोणाला स्वस्त पडले? ज्या काळात कर्ता परराज्यात ओसरीवर निजत होता, त्या काळात त्याची बायको सासरी राबत होती. तिच्या राबण्याला पगार नव्हता. नवऱ्याची मनीऑर्डर सासऱ्याच्या नावे येई. तिच्या वाट्याला आले तर पोस्टकार्डाच्या शेवटी ‘सर्वांस यथायोग्य’ एवढे दोन शब्द. मागे राहिलेल्या भावाने हिश्श्याची जमीन कसली, म्हाताऱ्यांची आजारपणे काढली, देवाचे कुळाचार चालविले. म्हणून पुढे गेलेल्या भावाला ‘घर’ नावाची वस्तू आयती शिल्लक राहिली. पुढे वाटणीच्या वेळी या दोघांत जे कलह झाले, त्यांत मागे राहणाऱ्याचे म्हणणे बहुधा असे असे की, ‘तुझे शिक्षण आणि तुझे बिऱ्हाड माझ्या अंगावर झाले.’ ते म्हणणे सहसा कोर्टात टिकत नसे. पण ते खोटे नव्हते.

घर राखून ठेवण्याचा उपयोग काय, हे रियासतकार सरदेसाई यांच्या आयुष्यावरून दिसते. रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले गोविंदराव १८८९ साली सयाजीराव महाराजांच्या पदरी रुजू झाले आणि सुमारे पस्तीस वर्षे बडोद्यात राहिले. मराठी रियासतीचे लेखन त्या चाकरीच्या सावलीत झाले. परंतु निवृत्त झाल्यावर ते बडोद्यास राहिले नाहीत; पुणे-मुंबई मार्गावरील कामशेतास येऊन राहिले. पस्तीस वर्षांनंतरही बडोदे त्यांचे बिऱ्हाडच होते, असे म्हणण्यास हरकत नाही. उलट भा. रा. तांबे यांचा जन्मच ग्वाल्हेर संस्थानातील मुंगावलीचा. त्यांचे आयुष्य मध्य हिंदुस्थानच्या संस्थानांत गेले आणि १९४१ साली ग्वाल्हेरास संपले. त्यांच्यापुरते दक्षिणेतील घर ही ऐकीव गोष्ट होती. पहिल्या पिढीचे बिऱ्हाड दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत घर होते, आणि ते कोणत्या दिवशी झाले हे कोणालाच सांगता येत नाही.

हीच व्यवस्था गोमंतकीयांनी मुंबईत निराळ्या रूपाने उभी केली. गोव्यातील ख्रिस्ती गावकऱ्यांनी मुंबईत आपापल्या गावाच्या नावाने ‘कूड’ चालविले. धोबी तलाव, माझगाव या भागांत एकेका इमारतीत अनेक गावांचे कूड असत. खलाशी, बबर्जी, वाजंत्री, नोकरीच्या शोधात आलेला तरुण, यांना तेथे अल्प वर्गणीत पथारीपुरती जागा मिळे. भिंतीशी ज्याची त्याची पेटी, एका बाजूस गावच्या सांताचे आल्तार, रात्री सर्वांनी मिळून तेर्स. बोटीवरून उतरलेला माणूस दुसरी बोट मिळेपर्यंत तेथे राही आणि गाठचा पैसा शहरात न उधळता गावी धाडी. ओसरी एका यजमानाची असते, कूड साऱ्या गावाचा. म्हणून कुडात आश्रिताला मिंधेपणा कमी. यजमानाची मर्जी गेली तर ओसरी जाते. कुडात गावकरी म्हणून माणसाचा हक्कच असे. स्वस्त स्थलांतराच्या साऱ्या युक्त्यांत आम्हांस ही सर्वांत शहाणपणाची वाटते.

परंतु ओसरी असो वा कूड, त्याला उंबरठा होता. वार लावून जेवण्याची सोय बहुतांशी ब्राह्मण मुलांची. चिठ्ठी चाले ती जातीच्या आणि नात्याच्या वाटेने. कूड गावच्या ख्रिस्ती माणसासाठी. ज्याला ही वाट नव्हती, त्याचे काय होई, याचा एक जळजळीत दाखला बडोद्याच्याच इतिहासात आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना सयाजीराव महाराजांनी शिष्यवृत्ती देऊन १९१३ साली अमेरिकेस पाठविले होते. करारानुसार १९१७ साली ते बडोद्याच्या नोकरीत रुजू होण्यास आले. हुद्दा होता, पगार होता, खुद्द राजाची कृपा होती. नव्हती ती उतरण्याची जागा. त्यांनी स्वतः लिहून ठेवल्याप्रमाणे, एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून ते राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव आला आणि त्याने संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास फर्माविले. शहरात दोन स्नेही होते, एक हिंदू व एक ख्रिस्ती. दोघांनीही असमर्थता दाखविली. मुंबईची गाडी रात्री होती. तोवरचे तास त्यांनी कमाठी बागेत काढले आणि ते परत गेले. 

या घटनेकडे आपण सामाजिक अन्यायाचे उदाहरण म्हणून पाहतो, आणि ते तसे आहेच. पण आमच्या हिशेबाच्या वहीतही तिला स्थान आहे. आपल्या घराण्यात ‘आजोबा चार रुपये घेऊन इंदुरास आले आणि स्वकष्टाने वर आले’ अशी कथा सांगितली जाते. कष्ट खरे, पण त्या चार रुपयांमागे एक ओसरी होती, सात घरचे सात वार होते, एक चिठ्ठी होती. परदेशात उच्च शिक्षण घेतलेल्या, राजाज्ञेने आलेल्या पुरुषाला जे शहर एक खोली देऊ शकले नाही, त्याच शहरात आमच्या पूर्वजांना फुकट पथारी मिळाली. ती आमच्या काटकसरीची कमाई नव्हती. तो जन्माने मिळालेला पतपुरवठा होता. हे मान्य केल्याने पूर्वजांच्या कष्टांना उणेपणा येत नाही. त्या कष्टांना आधार कोणता होता एवढेच समजते.

राज्यकर्त्यांनाही परक्या बिऱ्हाडांविषयी आपले धोरण ठरवावे लागले. निजामाच्या राज्यात मुल्की आणि गैरमुल्की हा भेद मोठा. १९१९ च्या फर्मानाप्रमाणे निदान पंधरा वर्षे राज्यात राहून परत न जाण्याचा इरादा दाखविल्यावर परका माणूस मुल्की मानला जाई, आणि सरकारी नोकरीत मुल्कीला अग्रहक्क असे. म्हणजे घर दक्षिणेत आणि बिऱ्हाड हैदराबादेत, ही जुनी युक्ती तेथे महाग पडू लागली. राज्य विचारू लागले की, तुम्ही राहणार की जाणार? ज्यांनी ‘राहणार’ म्हटले, त्यांनी मग खाजगी ओसरीच्या जागी सार्वजनिक संस्था उभ्या केल्या. मराठी शाळा, वाचनालये, गणेशोत्सव, व्याख्यानमाला, विद्यार्थिगृहे ही सारी त्या ओसरीचीच वाढलेली रूपे होत. मराठी साहित्य संमेलन १९०९ साली बडोद्यास, १९१७ साली इंदुरास, १९३० साली मडगावास आणि १९३१ साली हैदराबादेस भरले, ते तेथे बिऱ्हाडे स्थिरावली होती म्हणून. नव्या माणसाला पहिल्या दिवशी जावयास कोठे तरी जागा असावी, ही या संस्थांची मूळ गरज. साहित्यसेवा ही तिच्यावर उगवलेली वेल.

यानंतरचा भाग असा की, बिऱ्हाडे जागच्या जागी राहिली आणि राज्येच हलू लागली. होळकर व शिंदे यांची संस्थाने १९४८ साली मध्यभारतात आणि मध्यभारत १९५६ साली मध्यप्रदेशात गेला. बडोदे १९४९ च्या १ मे रोजी मुंबई राज्यात आले, आणि बरोबर अकरा वर्षांनी, १ मे १९६० रोजी, गुजरातेत गेले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. त्याच दिवशी मराठवाड्याचे पाच जिल्हे हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. तिकीट न काढता, वळकटी न बांधता लक्षावधी कुटुंबांचे राज्य बदलले.

हैदराबादच्या मराठी नोकरवर्गापुढे तेव्हा जुना हिशेब उलट्या अंगाने उभा राहिला. नोकरांची वाटणी नव्या राज्यांत होत होती. मराठी मुलखाच्या वाट्याला जावे, तर मुंबई-औरंगाबादेस नवी जागा, नवे भाडे, मुलांचे उर्दू-तेलुगूच्या शेजारात झालेले शिक्षण मोडून नवी शाळा. राहावे, तर तीन पिढ्यांचा शेजार जवळ, पण कचेरीची भाषा पुन्हा परकी होणार. ज्या भाषिक राज्यासाठी एवढा लढा झाला, ते राज्य जवळ आले तेव्हा त्यात राहावयास जाणे अनेकांना परवडण्यासारखे नव्हते. काही गेले, पुष्कळ राहिले. जे राहिले त्यांना कोणी मराठीद्रोही म्हणू नये. त्यांच्या आजोबांनी ज्या कारणासाठी देश सोडला, त्याच कारणासाठी त्यांनी तो पुन्हा गाठला नाही. माणूस राज्य बदलतो तो नकाशा पाहून नव्हे. स्वयंपाकघर, शाळा आणि म्हातारी माणसे पाहून बदलतो.

आज पुणे, बंगळूर, हैदराबाद येथे जाणाऱ्या तरुण कुटुंबाला हुंडी नको, हाली-कलदारचा हिशेब नको. पैसा क्षणात घरी पोहोचतो आणि बोलणे पोस्टकार्डावाचून होते. तरीही परक्या शहरात खोली मागताना आडनाव, जात, धर्म आणि आहार यांची चौकशी अद्याप होते, आणि पहिल्या महिन्याची अनामत भरताना अनेकांची कंबर खचते. प्रवास स्वस्त झाला. उतरणे स्वस्त झालेले नाही. जुन्या वस्त्यांतील आपल्या मंडळांकडे, वाचनालयांकडे आणि विद्यार्थिगृहांकडे पाहण्याची एक कसोटी यातून मिळते. त्यांचे अमृतमहोत्सव साजरे व्हावेत, स्मरणिका निघाव्यात. पण चिठ्ठी नसलेला, नात्यागोत्याचा नसलेला नवा माणूस रात्रीच्या गाडीने उतरला, तर त्याला तेथे आठ दिवस पाठ टेकता येते काय, हे आधी विचारावे. आपल्या पूर्वजांवरील ओसरीचे ऋण फेडण्याची दुसरी रीत आम्हांस दिसत नाही.